एप्रिलचा एकतिसावा दिवस

एप्रिल महिन्याला मी एक दिवस जास्तीचा दिला. महिना तीस दिवसांचा, मी एकतीस धरला. एवढीच माझी चूक, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो आणि तेवढ्यावर सोडूनही दिलं. पण ते पुरतं खरं नाही. चूक झाली ती झालीच, पण ती मला वेळेवर कळली होती, आणि कळूनही मी गप्प बसलो. पुढे कोणी तोंडावर विचारलं तेव्हा खोटं बोललो. हे सगळं आज कागदावर उतरवायला बसलोय, तरी मघापासून दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आलो. बसवत नाही.

निजामाच्या राजवटीतली शेवटची वर्षं होती. आमच्या तालुक्याच्या गावी स्टेशनाला लागून कापसाची जिनिंग होती. मी तेविशी-चोविशीचा, इंजनखोलीत मिस्त्रीच्या हाताखाली. बॉयलरवर नजर ठेवायची, पट्ट्यांना तेल द्यायचं आणि भोंगा वाजवायचा. उर्दू शाळेत सात यत्ता झाल्या होत्या, इंग्रजी अक्षरं लावून वाचता येत होती. त्यामुळे कारखान्यात मला शहाणा समजत. मलाही ते आवडायचं.

जिनांच्या, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांच्या, रांगेवर बाया कापूस टाकायच्या. समोर रूळ फिरतायत, वरून कापूस सोडायचा, पुढून रुई निघते, खाली सरकी पडते. दिवसभर कोणी कोणाशी बोललं तरी ऐकू जात नसे. अंगावर, पापण्यांवर पांढरी बारीक लव बसलेली. या बायांत एक होती तिला सगळे मावशी म्हणत, मीसुद्धा. चाळिशी ओलांडलेली, एकटी. नवीन आलेल्या बाईला रुळापासून बोटं कशी लांब ठेवायची हे तीच शिकवायची, आणि कोणाचं लेकरू आजारी असलं की मुकादमाशी भांडून तिला लवकर घरी तीच पाठवायची.

तिचा भाऊ परभणीच्या एका जिनात होता. चैताच्या उन्हात एक दिवस तो येऊन गेला आणि तिला सांगून गेला की मे महिन्याच्या पहिल्या तारखेला जगभर कामगारांचा सण असतो. यंदा जिल्ह्यातली सगळी जिनं त्या दिवशी बंद राहणार आहेत. सगळ्यांनी एकाच दिवशी काम ठेवलं तर कोणाही मालकाला एकट्यादुकट्याला काढता येणार नाही, पण एकाच दिवशी, हे ध्यानात ठेव.

आता पहिली मे कधी येते? आमच्याकडे सरकारी कागदावर फसली साल चालायचं. महिने आजूर, दे, बहमन असे. इंजनखोलीतल्या भिंतीवर उर्दू कॅलेंडर होतं, त्यात मे नव्हताच. बायांचा हिशेब तिथीवर आणि बाजारावर. इंग्रजी तारीख लागायची ती रेल्वेला.

दुपारच्या सुट्टीत मावशी इंजनखोलीच्या दारात आली. आत यायची नाही कधी, उंबऱ्यावर उभी राहायची.

"बाबू, पहिली मे कवा येती रं? बाजाराच्या आधी का मागं?"

मुंबईहून तेलाचे डबे आले होते त्यांच्या कागदावर दहा एप्रिल लिहिलं होतं आणि तो दिवस बुधवार होता, हे मला पक्कं आठवत होतं. मी मूठ वळून बोटांच्या उंचवट्यांवर महिने मोजायला लागलो. ती माझ्या मुठीकडे बघत राहिली. कोणीतरी आपल्याकडे असं बघत असलं की माणूस घाई करतो. मी घाई केली.

"गुरुवार," मी सांगितलं. "इथून तिसरा सोमवारचा बाजार झाला की मंगळ, बुध, आणि तिसऱ्या दिवशी गुरुवार."

"पक्कं?"

"मावशी, तुम्ही मला विचारता ते कशासाठी? पक्कं."

ती हसली आणि गेली. पंधरा दिवसांत तिने सगळ्या बायांना आणि सरकी उचलणाऱ्या गड्यांना तयार केलं. मला आत कोळशाचा आणि तेलकट चिंध्यांचा वास येत असे आणि खिडकीतून आवारातल्या लिंबाखालचं बोलणं कानावर पडे. सण करायचा ठरला, पण तो कसा करायचा हे कोणालाच माहीत नव्हतं.

"उपास धरायचा का मावशे?"

"कोन्या देवाचा हाय पर?"

"देवाचा न्हाई," मावशी म्हणाली आणि तिने दोन्ही पंजे पुढे धरले. बोंडांच्या टोकांनी चिरलेले, काळपट. "ह्याचा हाय. हाताचा सन."

"मग हाताला काय ल्यावं?"

"हळद लावू. हळद लागली की त्या हातानं काम न्हाई करायचं. आन जिनाला कुकू लावू, खंडेनवमीला लावताव तसं. आदल्या सांजंला पुजलं की सनाचा दिस सरूस्तोवर हात न्हाई लावायचा."

"घरच्या जात्याला बी सुट्टी का?"

"जात्याला बी. नवऱ्याला सांग दळ म्हनावं."

"मग गुरवारी उपासच हाय म्हना की!"

हसून हसून बाया लिंबाच्या बुंध्याला टेकल्या. पाणीही त्या दिवशी गड्यांनीच भरायचं ठरलं. बायांना बसल्या जागी द्यायचं. गडी कुरकुरले, पण कबूल झाले. मी आत उभा राहून हसत होतो. वाटत होतं, या सणाची तारीख मी दिली.

त्या आठवड्यातला सोमवारचा बाजार झाला. मंगळवारी दिवस मावळायला मिस्त्रीने मला रुईच्या गाठींचे कागद देऊन स्टेशनावर पाठवलं. स्टेशनातल्या बाबूने कागदांवर शिक्के मारले, खिडकी लावायला उठला आणि जाता जाता भिंतीवरच्या तारखेचं पान फाडलं. खाली मोठा '१' आला, मे महिन्याचा.

"आजच फाडलं?" मी विचारलं.

"सकाळच्या गाडीला घाई होते. म्हणून आदल्या दिवशीच फाडतो."

"पण उद्या एकतीस ना?"

तो चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला. "एप्रिलला एकतीस कुठून आणलेस बाबा? तुझ्या घरून?"

मी बाहेर आलो. उजेड अजून पुष्कळ होता. कामगारांची वस्ती रेल्वेच्या रुळांपलीकडे, ओढ्याच्या काठाला. चालत गेलं तर विडी ओढून होईल एवढ्यात पोचावं. मी निघालोच. ओढ्यापर्यंत गेलो. चुलींचा धूर दिसत होता, मावशीचा आवाजही आला, ती कोणाला तरी हळद कुटायला सांगत होती. फक्त एवढंच ओरडायचं होतं: मावशी, उद्याच आहे, माझं मोजण्यात चुकलं.

मी ओढ्यापासून परत फिरलो. रुळांपर्यंत आलो. पुन्हा ओढ्यापर्यंत गेलो. असं तीन वेळा झालं. का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय आणि दर वेळी उत्तर वेगळं दिलंय. शरम वाटली, हे खरं. शहाणा म्हणून ज्यांनी विचारलं त्यांच्यापुढे एप्रिल महिन्याचे दिवस चुकलो, हे सांगायचं तोंड नव्हतं. पण त्याखाली दुसरं होतं. मिस्त्री म्हातारा झाला होता. पुढच्या हंगामात इंजन माझ्या हाती येईल असं मालकाच्या तोंडून निघालं होतं. मावळतीला मला वस्तीत शिरताना कोणी बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी काम बंद पडलं, तर हे कोणी केलं ते सांगायची गरज राहिली नसती. मग मी मनाशी म्हटलं, एका दिवसाने काय होतं? सण तो सण. उद्या काय आणि परवा काय.

घरी गेलो. 

बुधवारी सकाळी भोंग्याची दोरी मीच ओढली. बाया आल्या. पहिल्या मेला आमच्या जिनाचे सगळे रूळ दिवसभर फिरले. दुपारी परभणीकडून गाडी आली आणि गार्डाने स्टेशनावर सांगितलेली बातमी हमालाबरोबर इंजनखोलीपर्यंत पोचली. तिकडे सगळी जिनं बंद, लोक झाडाखाली बसलेत, मालकांनी फाटकं लावून घेतलीत आणि कोणी कोणाला काही बोललेलं नाही. मी हमालाला म्हटलं, "बाहेर बोलू नकोस, उगीच गडबड होते." तो गेला. इंजनाच्या आवाजात बायांना काही कळायचं कारण नव्हतं.

संध्याकाळचा भोंगा झाला. पट्टे थांबले की एक अशी शांतता होते की कान दुखतात. त्या शांततेत मावशी पदराखाली कुंकवाचा करंडा घेऊन रांगेवरून फिरली आणि एकेका जिनाला बोट टेकवत गेली. मग उंबऱ्यावर आली.

"बाबू, उद्याच ना रं?"

त्या वेळीसुद्धा मला सांगता आलं असतं. सण हुकला, आता कोणी बसू नका, एवढं सांगितलं असतं तरी तिचं काही बिघडलं नसतं. बाया हसल्या असत्या, मला दोन शिव्या मिळाल्या असत्या.

"हो," मी म्हणालो. "उद्याच."

गुरुवारी सकाळी मी भोंगा वाजवला आणि कोणी आलं नाही. लिंबाखाली वस्तीतल्या बाया धुतलेली लुगडी नेसून बसल्या होत्या. एकमेकींच्या तळव्यांना हळद लावत होत्या. गडी घागरी घेऊन पाणी वाढत होते आणि बाया त्यांना मुद्दाम पुन्हा पुन्हा मागत होत्या. "मला थंड न्हाई लागलं, दुसरं आन." आमचा मुकादम मुसलमान, बोलायला तिखट पण मनाचा बरा माणूस. तो फाटकाशी कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"क्या मावशी, ईद तो कल हो गई. तुम लोगां आज बासी ईद मनारे क्या?"

ईदेच्या दुसऱ्या दिवसाला ते बासी ईद म्हणत. कोणाला काही समजलं नाही, सगळ्या हसल्या. मावशीही हसली.

मालकाने तेवढ्यात शेजारच्या खेड्यातून बैलगाडी भरून बाया आणवल्या. त्या आत गेल्या, जिनांवरचं कुंकू पाहिलं, हात जोडले आणि मागे सरकून उभ्या राहिल्या.

"पुजलेल्या हत्याराला आमी न्हाई शिवत, मालक."

"पुसा ते!"

"आमी न्हाई पुसायच्या."

मालक माझ्याकडे वळला नाही, एवढंच माझं नशीब. मला सांगितलं असतं तर मी पुसलं असतं, याची मला खात्री आहे. त्याने मावशीला आत बोलावलं. ती पिवळे हात घेऊन आली. मी इंजनखोलीच्या दारात उभा होतो, दहा पावलांवर.

"पहिली मे काल झाली," मालक म्हणाला. "काल सगळा जिल्हा बसला. तुम्हीही काल बसला असतात तर मी काय करणार होतो? सगळ्यांसारखं फाटक लावून घेतलं असतं. आज तुम्ही एकट्याच बसलात. आज हा सण नाही, ही नुसती गैरहजेरी आहे. आजचा दिवस तुम्हाला सांगितला कोणी?"

मावशीला ते उमगायला थोडा वेळ लागला. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तेलाने काळी झालेली फरशी, त्यावर एक सरकी पडलेली. ती सरकी मला आजही दिसते.

"कोन्ही सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "म्याच मोजलं."

"तुला आकडे येतात?"

"बाजारावरनं मोजलं."

मालकाबरोबरची माणसं हसली. मालकही हसला. मग त्याने सांगितलं, बाकीच्यांनी उद्या यावं, ही येणार नाही. ना या हंगामात, ना पुढच्या.

तिने हुज्जत घातली नाही. माझ्या दारावरून जाताना क्षणभर थांबली आणि हळू म्हणाली, "चुकतं रं गनित. तू जीवाला लावून घेऊ नगंस."

संध्याकाळी मुकादम इंजनखोलीत आला. विडी पेटवायला म्हणून आला होता, पेटवली नाही. "तूने बताया था ना उसको? मैं देखा था, तू मुठ्ठी पे गिन रहा था। अरे, गिनती सबकी चूकती, मियाँ। जा, मालक को बोल दे।" मी हो म्हणालो आणि गेलो नाही. त्याने पुन्हा विचारलं नाही, पण त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलला.

दुसऱ्या दिवशी बाया आल्या. मावशीच्या जिनावर दुसरी उभी राहिली. ज्यांच्यासाठी ती मुकादमाशी भांडायची त्याच आता म्हणायला लागल्या, मावशीनं आमाला शिळा सण खाऊ घातला, येत न्हाई तर कशाला फुडं फुडं करावं. मला वाटतं तिला काम गेल्याचं दुःख झालं असेल, पण हे बोलणं जास्त लागलं असेल. पंधरा दिवसांत ती वस्ती सोडून चारठाण्याकडच्या आपल्या माहेरगावी गेली. रोजाने शेतात जाते, एवढं कानावर आलं. दोन हंगामांनी इंजन माझ्या हाती आलं.

पुढच्या वर्षी एक गंमत झाली. पहिल्या मेला बाया कामावर आल्या आणि दुसऱ्या तारखेला सकाळी त्यांचे हात पिवळे होते. कोणी ठरवलं ते मला कळलं नाही. काम त्यांनी बंद ठेवलं नाही, तेवढी हिंमत नव्हती, पण हळदीच्या हाताने कापूस टाकला आणि त्या दिवसाची रुई ठिकठिकाणी पिवळी निघाली. मालकाने पाहिलं आणि सोडून दिलं. मग निजामाचं राज्य गेलं, मालक बदलला, पहिली मे सरकारने सुट्टीची केली. आमच्या जिनात मात्र दुसऱ्या तारखेचा मान राहिलाच. पहिला सरकारचा, दुसरा आमचा, असं बाया म्हणतात.

बाहेरगावचं कोणी मला विचारायचं, तुमच्याकडचा हाताचा सण बघायला कधी यावं? मी सांगायचो, दोन तारखेला या, उन्हं चढायच्या आत. जोडा फाटकाबाहेर काढा. जिनाला हात लावू नका, कुंकू ओलं असतं. बायांकडे पाणी मागू नका, त्या दिवशी पाणी पुरुषांनीच द्यायचं असतं, तुम्ही पाहुणे असलात तरी तुमच्या हातात घागर देतील. ती घ्या. गूळ-फुटाणे मिळतील ते तिथेच बसून खा. कोणी तुमच्या तळव्याला हळद लावली तर दिवसभर धुऊ नका. आणि हा सण दोन तारखेला का, असं कोणाला विचारलंत तर बाया हसतील आणि सांगतील, एक मावशी होती, तिला मोजता येत नव्हतं.

हे शेवटचं वाक्य दरवर्षी माझ्या कानावर पडायचं. इंजन जाऊन विजेच्या मोटारी आल्या, भोंगाही गेला, माझे केस पांढरे व्हायला लागले, आणि ते वाक्य चालूच. घरात बसवत नसे, बाहेर करमत नसे. मे महिना जवळ आला की मी उगीच रुळांपलीकडे ओढ्यापर्यंत जाऊन परत यायचो. बायको म्हणायची, काही हरवलंय का तुमचं तिकडे?

दोन वर्षांपूर्वी एप्रिलअखेर मी एसटीत बसलो आणि चारठाण्याला उतरलो. पुढे पायी. मावशी अंगणात सुपात तूर निवडत बसली होती. वाकली होती, पण नजर तेज. मला तिने बोलण्यावरून ओळखलं.

"बाबू? आरं, म्हातारा झालास की रं! भोंगा कोन वाजवतंय मग?"

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. बसलो असतो तर सांगणं झालं नसतं. मोजण्यात चुकलो हे खरं, पण मंगळवारी मावळायलाच मला कळलं होतं. ओढ्यापर्यंत येऊन परत गेलो. बुधवारी तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं.

तिचे हात सुपात थांबले.

"बुधवारी म्या उंबऱ्यावर इचारलं, तवा बी?"

"तेव्हाही."

 मग तिने सूप बाजूला ठेवलं. "म्या इतकी वर्सं म्हनत आले, लेकराचं गनित चुकलं. त्या बाया मला काय काय म्हनल्या, म्या तुजं नाव घेतलं न्हाई. चुकल्या मानसाचं नाव कामून घ्यावं, म्हनून न्हाई घेतलं." ती थांबली. "तू चुकला नव्हतास मग."

"मावशी, मला माफ..."

"थांब. मला एकलीला कामून सांगायलास? हितं कोन ऐकतंय? ह्या कोंबड्या? ज्यायनी मला नावं ठेवली त्यायच्या म्होरं सांग. कोन कोन हाईत अजून?"

त्या वेळच्या चौघीजणी अजून होत्या. बाकीच्या त्यांच्या सुना आणि लेकी.

"त्यायच्या म्होरं," ती म्हणाली. "दुसऱ्या तारकेला. मी येते. मला बघायचंय कसा सांगतूस ते."

मी तिला आमच्या घरी आणलं. बायकोला आदल्या दिवशी सगळं सांगितलं. तिने मावशीसाठी अंथरूण घातलं. दोन तारखेला सकाळी मी मावशीला हाताला धरून फाटकातून आत नेलं. त्या चौघी म्हाताऱ्यांनी तिला पाहिलं आणि त्यांतली एक मोठ्याने म्हणाली, "आगं बया, शिळ्या सनाची मावशी आली!" पोरी हसल्या. मावशी लिंबाखाली बसली, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून. तिने हळद लावून घेतली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

मी पाण्याची घागर खाली ठेवली.  सगळ्या बायांकडे बघून बोलायला पाहिजे होतं, मला एकीकडेच बघता आलं. मी म्हणालो:

"मावशीला मोजता येत नव्हतं असं तुम्ही म्हणता. मोजलं मी होतं. गुरुवार मी सांगितला. तो चुकलाय हे मला मंगळवारीच कळलं होतं. बुधवारी मावशीने विचारलं तेव्हा मी जाणूनबुजून खोटं बोललो. इंजन हातचं जाईल म्हणून घाबरलो. मालकाने विचारलं तेव्हा मी दहा पावलांवर उभा होतो, आणि मावशीने माझी चूक आपल्या अंगावर घेतली. तिचं काम माझ्यामुळे गेलं. तुमच्या तोंडची बोलणीसुद्धा तिने माझ्यामुळे खाल्ली. मावशी, मी तुमचा गुन्हेगार आहे. मला माफ करा."